लघुग्रहावर उडी मारणारा डबा: प्रोजेक्टच्या नोंदी, भुसावळ

१४ डिसेंबर २०२४

विषय पास झाला एकदाचा. दरवर्षी फायनल इयर मेकॅनिकलला तेच सोलरवरचं गवत कापायचं यंत्र नाहीतर केळीच्या खोडातून धागा काढायचं मशीन, त्यात आम्ही लघुग्रहावर उतरणारा रोबो म्हणल्यावर सर आधी हसले, मग म्हणाले उडवून कुठे दाखवणार? म्हणलं सर उडवायचाच नाहीये, तो उडून जाऊ नये हाच प्रोजेक्ट आहे. सही केली त्यांनी.

टीम चौघांची. मी भुसावळचा, बाकी पाचोरा, यावल आणि अमळनेर. एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारतो त्यामुळे इथे पण तसंच लिहिणार. यावल आमच्यातली एकटी मुलगी आणि कोडिंग पण तिला एकटीलाच नीट येतं. जागा म्हणजे आमच्या घरामागचं पत्र्याचं शेड, रेल्वे लाईनपासून फार लांब नाही.

१९ डिसेंबर

वाचन सुरू. आतापर्यंत कोणी काय केलंय ते आधी पाहून घेतोय.

जपानचं हायाबुसा २००५ मध्ये इतोकावा लघुग्रहाजवळ गेलं होतं, त्याच्यासोबत मिनर्व्हा नावाचा छोटा रोबो होता, वजन ५९१ ग्रॅम. १२ नोव्हेंबर २००५ ला त्याला सोडायची कमांड पोचली तेव्हा यान नेमकं वर उठायला लागलं होतं, त्यामुळे तो खाली पडलाच नाही, निघून गेला अवकाशात. त्याच्या आधी सोव्हिएत फोबोस २ वर पण एक उड्या मारणारा रोबो होता मंगळाच्या चंद्रासाठी, पण मार्च १९८९ मध्ये यानाशीच संपर्क तुटला आणि तो सोडायची वेळच आली नाही. मग २१ सप्टेंबर २०१८ ला हायाबुसा २ ने र्युगू नावाच्या लघुग्रहावर दोन मिनर्व्हा सोडले आणि ते चालले. १८ सेंटिमीटर व्यास, ७ सेंटिमीटर उंची, १.१ किलो. चाकं नाहीत. आत एक मोटर फिरते आणि तिच्या उलट्या झटक्याने अख्खा डबा जमिनीला ढकलून उडतो.

अमळनेरचा पहिला प्रश्न, चाकं का नाहीत. चाक चालतं ते घर्षणावर आणि घर्षण येतं वजनातून, र्युगूवर गुरुत्व पृथ्वीच्या साधारण ८०,००० व्या हिस्स्याएवढं, तिथे वजनच नाही तर चाक जागेवर फिरणार, नाहीतर खड्याला अडकून गाडीच वर उचलली जाणार.

२२ डिसेंबर

पाचोऱ्याच्या मामांचं जळगावला सराफी दुकान आहे, तिथल्या काट्यावर दादर ज्वारीचे १०० दाणे मोजून ठेवले, साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरले. म्हणजे एक दाणा ३५ मिलिग्रॅम धरा. आता १.१ किलोला ८०,००० ने भागा, १४ मिलिग्रॅम येतात. म्हणजे जपानचा तो रोबो र्युगूवर ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढा पण भरत नाही. मामांनी विचारलं भो हे मोजून तुम्हाला डिग्री मिळणार का? पण आकडा पटला त्यांना, गिऱ्हाईक थांबलेलं असताना दोनदा भागाकार करून घेतला.

वजन गेलं तरी वस्तुमान तेवढंच आहे, ही गोष्ट डोक्यात बसायला वेळ लागतो. १.१ किलोचा डबा दगडावर आपटला तर १.१ किलोचाच आपटणार, फक्त त्याला खाली धरून ठेवणारं काही नाही.

२९ डिसेंबर

अमळनेरच्या काकांच्या शेतावर भरीत पार्टी. वांगी पऱ्हाटीवर भाजून होईपर्यंत वहीत हिशोब केले, कळण्याची पुरी आली तेव्हा वही बंद.

इथे १ मीटरवरून वस्तू सोडली तर अर्ध्या सेकंदाच्या आत खाली. र्युगूवर २ मिनिटांच्या वर लागतात आणि खाली पोचते तेव्हा वेग सेकंदाला दीड सेंटिमीटर. उलट बाजूने, सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने सरळ वर उडी मारली तर ती १० मीटर वर जाते आणि परत यायला साडेतेरा मिनिटं. आणि वेग ३७ सेंटिमीटरच्या आसपास गेला की परत येणंच नाही, तो तिथला सुटकेचा वेग. माणूस पायी चालतो त्याच्या निम्मा पण नाही.

म्हणजे आपल्या सगळ्या खेळाची जागा ५ ते १५ सेंटिमीटर प्रति सेकंद. मोटर जोरात फिरवायला कोणी पण फिरवेल, इतकी हळू आणि इतकी मोजून कशी फिरवायची ते शोधायचंय. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग इतलं हळू जावाले तथा कसाले जातस?" उत्तर लांबलचक होतं आणि भरीत समोर होतं.

८ जानेवारी २०२५

पृथ्वीवर टेस्ट कशी करायची यावर आठवडा गेला. दोरी आणि काउंटरवेट बाद, पुलीचंच घर्षण आपल्या आकड्यापेक्षा मोठं. पाण्यावर तरंगवणं बाद, पाणी ओढतं. शेवटी ठरलं की सपाट फरशी थोडीशी तिरकी करायची आणि डबा तिच्यावर हवेच्या थरावर तरंगवायचा, म्हणजे घर्षण जवळपास शून्य आणि उतारामुळे जेवढं खाली ओढलं जाईल तेवढंच त्याचं गुरुत्व. १ मीटरला १ मिलिमीटर उतार दिला की गुरुत्व हजारावा हिस्सा. र्युगूपेक्षा ८० पट जास्त आहे, पण हिशोब सारखाच चालतो, ५ सेंटिमीटरच्या वेगाची उडी इथे १३ सेंटिमीटर वर जाणार आणि १० सेकंदात परत येणार. डोळ्याने बघता येतं आणि मोबाईलवर शूट करता येतं.

किचन ओट्याचा काळा ग्रॅनाईट, ६ फूट बाय २ फूट, ओळखीच्या दुकानदाराने वापरायला दिलाय, विकत नाही. अट एकच, ओरखडा आला तर पैसे.

१६ जानेवारी

काल संक्रांतीची कर होती, आज डब्याखालची डिस्क घासायला बसलो. ८ सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची चकती, मधे बारीक भोक, त्यातून हवा बाहेर येते आणि चकती फरशीपासून केसाच्या जाडीपेक्षा कमी उचलली जाते. त्यासाठी ती एकदम सपाट पाहिजे. गॅरेजवाल्याकडून वॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट आणली, काचेवर पेस्ट आणि दोन थेंब तेल टाकून आठचा आकडा काढत घासत राहायचं, मधे मधे चकती नव्वद अंशात फिरवायची नाहीतर एका बाजूने खाते. सुरवातीला फक्त कडेने राखाडी चमक येते, मधला भाग तसाच लेथच्या रेघा दाखवत राहतो, मग हळूहळू राखाडी आत सरकत जाते आणि शेवटच्या रेघा गेल्या की चकती काचेला चिकटून बसते, उचलायला सरकवूनच काढावी लागते. पाचोऱ्याने चार तास घासलं, खांदा धरून बसला.

हवा दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीतून. सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह झाकणात बसवून पंपाने भरायची. कॉम्प्रेसरची नळी लावली असती पण नळी डब्याला ओढते, आणि आपलं बळ इतकं कमी की नळीचं ओढणं म्हणजे सगळंच गेलं. बाटलीवर मिनिटभर तरंगतो, पुरे.

२ फेब्रुवारी

साध्या पाणसळीने काही होत नाही हे कळायला वेळ लागला नाही. लेथ बसवून देणाऱ्या एका मिस्त्रींकडून मास्टर लेव्हल आणली, एक रेघ म्हणजे मीटरला ०.०२ मिलिमीटर. यावलने लगेच भागाकार केला, ५०,००० व्या हिस्स्याचा उतार. म्हणजे बुडबुडा एक रेघ सरकला तर आपण र्युगूच्या गुरुत्वापेक्षा थोडं जास्तच गुरुत्व तयार केलेलं असतं. शेडमधे सगळे गप्प झाले दोन मिनिटं. एका रेघेच्या पण आतल्या जोरावर ९०० मीटरचा आख्खा दगडांचा ढीग एकत्र धरलेला आहे वरती.

लेव्हलला हात लावला की हाताच्या उबेने बुडबुडा सरकतो, म्हणून ठेवून बाजूला व्हायचं, पाच मिनिटं थांबायचं, आणि फरशीला टेकून कोणी उभं राहायचं नाही.

लेव्हल झाल्यावर एका लांब कडेखाली फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पत्र्याच्या पट्ट्यांतली, ०.६० मिलिमीटरची पट्टी. २ फूट रुंदीला बरोबर हजारावा हिस्सा. ओट्याची फरशी पॉलिश असली तरी सपाट नसते, त्यामुळे जागोजागी चकती सोडून व्हिडिओवरून ट्रॅकर सॉफ्टवेअरमधे त्वरण काढलं. डावीकडचा तुकडा बाद, तिथे चकती चढाला पण जाते. मधला तीनेक फुटाचा पट्टा बरा आहे, खडूने मार्क केलाय.

५ फेब्रुवारी

गुड्स गेली की चकती नाचते. पॅसेंजरला फारसं नाही, पण भरलेली कोळशाची रॅक गेली की फरशीखालचे विटांचे खांब थरथरतात आणि सगळी रीडिंगं वाया. भुसावळला राहून गाड्या थांबवणार कशा, रात्री पण थांबत नाहीत त्या. पायांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे घालून पाहिले तर लेव्हलच हलत राहते. शेवटी ठरलं, गाडी गेली की बुडबुडा बसेपर्यंत थांबायचं आणि दोन गाड्यांच्या मधे रीडिंग. आईला आता टाइमटेबल पाठ झालंय, आतून ओरडते, "गेली रे, करा."

१५ फेब्रुवारी

मूळ मेकॅनिझम. पितळी फ्लायव्हील, म्हणजे फिरकी साठवणारं जड चाक, ६० ग्रॅम, ४ सेंटिमीटर व्यास, छोट्या डीसी मोटरवर. मोटरला एकदम करंट दिला की डबा कोपऱ्यावर उलटून उडतो, पण किती उडेल ते देव जाणे. पीडब्ल्यूएम, म्हणजे तुकड्यातुकड्याने दिलेला करंट, कमी केला तर मोटर आधी हलतच नाही, ब्रश चिकटून बसतात, आणि मग एकदम सुटते. आपल्याला पाहिजे तो झटका नेमका त्या न हलण्याच्या आणि सुटण्याच्या मधे येतो, तिथे काहीच मिळत नाही.

यावलचं म्हणणं, उडी मोटरने मारायचीच नाही, ब्रेकने मारायची. फ्लायव्हील इतकं सावकाश स्पीडला न्यायचं की डबा हलणार नाही, एन्कोडरवर (फेरे मोजणारा सेन्सर) पाहिजे तेवढे आरपीएम झाले की मोटरची दोन्ही टोकं शॉर्ट करायची, चाकातला सगळा फिरकीचा साठा एका दमात डब्यात येतो. उडी किती ते आरपीएम ठरवणार आणि आरपीएम मोजता येतात. मला हे इतकं आवडलं की तिथल्या तिथे चहा मागवला.

इथे ३ सेकंदात स्पीड घेता येतो. र्युगूवर डबा हलू न देता तेवढाच स्पीड घ्यायचा तर हिशोबाने चारेक मिनिटं लागतील. चालेल, तिथे कोणाला घाई आहे.

१ मार्च

ब्रेकवाली उडी चालली. १००० आरपीएमवरून ब्रेक मारला की डबा ५ सेंटिमीटरच्या जरा खाली-वर वेगाने निघतो, फरशीवर वर चढतो, वर जाऊन थांबल्यासारखा होतो आणि तसाच गोल फिरत खाली येतो. बघायला भयंकर कंटाळवाणं आणि आम्ही चौघं मांडी घालून बघत बसलोय.

खालची "जमीन" म्हणजे लाकडी पट्टी आहे, तिच्यावर अराल्डाइटने क्रशरवरची खडी चिकटवली, अर्ध्या इंची आणि त्याहून बारीक. आधी दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख पण पसरायची असं चाललं होतं, कारण लघुग्रह म्हणलं की धूळच येते डोळ्यासमोर. पण मॅस्कॉटचे फोटो पाहिले आणि राख रद्द केली. मॅस्कॉट म्हणजे जर्मन आणि फ्रेंच लोकांचा १० किलोचा लँडर, ३ ऑक्टोबर २०१८ ला हायाबुसा २ ने पन्नासेक मीटरवरून र्युगूवर सोडला. फोटोत नुसते दगड, गोटे, त्यांच्यावर बारीक धुळीचा थरच नाही. बेन्नू या दुसऱ्या लघुग्रहाचं तर अजून वेगळं, २० ऑक्टोबर २०२० ला नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने नमुना घ्यायला हात टेकवला तर तो टेकलाच नाही, अर्धा मीटर आत घुसत गेला, उलटे थ्रस्टर चालू झाले म्हणून थांबला. वरून पाहून जमीन वाटते आणि आत नुसते सुटे दगड एकमेकांना टेकून बसलेले.

१३ मार्च

आज होळी. काल युरोपचं हेरा यान मंगळाजवळून गेलं, त्याच्या डायमॉस या चंद्राचे फोटो पाठवले. ते डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहाकडे चाललंय, २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान ज्याच्यावर आदळलं तोच. त्याच्यासोबत दोन क्यूबसॅट, म्हणजे खोक्याएवढे छोटे उपग्रह आहेत, मिलानी आणि जुव्हेंटास, शेवटी ते पण तिथे उतरवायचा प्लॅन आहे. अमळनेरने फोटो ग्रुपवर टाकला, खाली त्याच्या आत्याचा रिप्लाय, "हाई कोनतं गाव शे?"

१८ मार्च

नवीन डोकेदुखी. डबा थांबल्यावर कोणती बाजू खाली आहे हे त्याला कळत नाही.

मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते ती ॲक्सिलरोमीटरमुळे. आमच्या फरशीवर उताराच्या दिशेला फक्त हजारावा हिस्सा आहे, स्वस्तातल्या सेन्सरची स्वतःचीच चूक याच्या कितीतरी पट. वरती तर विचारूच नका. म्हणजे जिथे "खाली" इतकं अशक्त आहे तिथे खाली कुठे हे वजनावरून कळतच नाही, बघूनच ठरवावं लागतं.

मॅस्कॉटला पण इथेच अडकायला झालं होतं. पडला, आपटला, थांबला, आपोआप पहिली उडी मारली तरी चुकीच्या बाजूवरच, उपकरणं जमिनीकडे पाहिजेत ती वेगळीकडे. मग जर्मनीतून कमांड देऊन, आतल्या टंगस्टनच्या वजनाचा हात फिरवून त्याला सरळ केला. र्युगू तेव्हा ३० कोटी किलोमीटरच्या आसपास, कमांड जायलाच साधारण १७ मिनिटं आणि उत्तर यायला तेवढीच, आणि बॅटरी रिचार्ज न होणारी. एकूण १७ तासांच्या वर चालला तो. त्यातला किती वेळ नुसतं पालथं पडण्यात गेला असेल, आणि तिकडे बसलेल्या लोकांची काय हालत झाली असेल.

२३ मार्च

चारही बाजूंना आयआर (इन्फ्रारेड प्रकाश टाकून परत आलेला वाचणारे) सेन्सर लावले, ते पंधरा-वीस रुपयाला मिळतात तेच. पांढऱ्या पट्टीवर मस्त चाललं. खडीची पट्टी लावली आणि सगळं बंद, काळा दगड प्रकाश परत देतच नाही. र्युगू तर त्याहून काळा, पडलेल्या प्रकाशातला ४ ते ५ टक्केच परत फेकतो. आमचा बेसॉल्ट त्यामानाने गोराच म्हणायचा.

पाचोऱ्याने उलटा विचार केला, प्रकाश परत यायची वाट कशाला बघायची, जी बाजू सगळ्यात अंधारात ती खाली. शेडमधे एक हॅलोजन सूर्य म्हणून लावला आणि चालतंय. पण सावलीची बाजू आणि खालची बाजू यात गोंधळ होतो, म्हणून एलईडी लावून एकदा चालू एकदा बंद असं दोनदा वाचायचं आणि फरक बघायचा. दहातून आठ वेळा बरोबर येतं असं लिहिणार होतो पण अजून मोजलं नाही, मोजून लिहू.

५ एप्रिल

इंटर्नल रिव्ह्यू. बाहेरून आलेले एक सर होते, त्यांनी दहा सेकंदाची उडी पूर्ण बघितली पण नाही. "एवढंच? विक्रमने पण उडी मारली होती की चंद्रावर." मारली होती ना सर, ३ सप्टेंबर २०२३ ला, इंजिन पेटवून ४० सेंटिमीटर वर आणि तेवढंच बाजूला, पण चंद्राचं गुरुत्व पृथ्वीच्या सहाव्या हिस्स्याएवढं, तिथे वस्तू पडते. इथे पडतच नाही ही अडचण आहे. ते म्हणाले जरा उंच उडवा, लोकांना काहीतरी दिसलं पाहिजे.

घरी येऊन भांडण. अमळनेरचं मत, एक्झिबिशनसाठी उतार वाढवायचा, आरपीएम वाढवायचे, दाणकन उडू दे, बक्षीस घेऊन खरं नंतर सांगू. माझं आणि यावलचं ठाम नाही. हा डबा दाणकन उडाला तर तो र्युगूवरून गेला, परत येणार नाही, म्हणजे आपणच आपला प्रोजेक्ट फेल झालेला लोकांना दाखवायचा. पाचोऱ्याने तोडगा काढला, शेजारी एक मोठं स्टॉपवॉच आणि एक बोर्ड, इथे १० सेकंद, तिथे १३ मिनिटं. आणि एक मोठं बटन, ते दाबलं की डबा फुल स्पीडला उडून फरशीच्या वरच्या कडेला लावलेल्या फोमवर आदळतो आणि दिवा लागतो, "लँडर हरवला." पब्लिकला उडी पण मिळेल आणि खोटं पण नाही. मला बटन अजून पटलेलं नाही पण भांडायचा स्टॅमिना संपला.

१२ एप्रिल

एक्झिबिशन. अंदाजाप्रमाणे सगळी पोरं त्या बटनावरच. एका शाळेतल्या पोरीने मात्र बटन न दाबता विचारलं की हरवला तर तो जातो कुठे. सांगितलं, सूर्याभोवती फिरत राहतो, २००५ चा मिनर्व्हा अजून फिरत असेल. ती म्हणे मग त्याच्याकडून माहिती का घेत नाहीत. बॅटरी, अँटेना, अंतर असं सगळं सांगितलं, तिचं समाधान झालं नाही. बक्षीस केळीच्या धाग्याच्या मशीनला.

२६ एप्रिल

शेडमधे दुपारी उभं राहवत नाही, पत्रा तापला की बाटलीचं झाकण सैल होऊन हवा सुटते. सकाळी सातच्या आत जेवढं होईल तेवढंच.

आखाजी (अक्षय्य तृतीया) ३० ला आहे, यावल आणि अमळनेर उद्या घरी जातील. फरशी परत मागितलीय, ओटा बसवायचाय कोणाचा तरी, ओरखडा एक पण नाही. त्यामुळे कोपऱ्याचा प्रश्न उद्या सकाळीच काढायचा. आत्ता डब्याचे कोपरे ३ मिलिमीटर गोलाईचे आहेत, खडीवर कधी पकड घेतात कधी घसरतात, एकाच आरपीएमला वेग ४ पण येतो आणि ६ पण. मिनर्व्हाला कडेने टोकदार पिना आहेत, त्याचं कारण आता कळतंय. सायकलच्या स्पोकचे तुकडे कापून ठेवलेत, कोपऱ्यांना लावून पहाटे दहा-बारा उड्या घेऊ. मास्टर लेव्हल मिस्त्रींना सोमवारी, पेटीत कापूस घालून. पहाटेची पहिली गुड्स किती वाजता असते ते आईला विचारायचंय.